लाभ धरून मोजा

आमचे गुरुजी मोजताना 'एक' म्हणत नसत. शाळेतल्या पोरांची रांग असो, विहिरीतून शेंदलेल्या बादल्या असोत की लग्नाच्या पंगतीत बसलेली माणसं असोत, त्यांची सुरुवात 'लाभ' अशीच व्हायची. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं हा आपल्याकडचा जुना दस्तूर. पण तो खळ्यावरच राहायचा. गुरुजींनी तो हजेरीच्या वहीत आणला. आमच्या वर्गात हजेरी क्रमांक एक असलेला अंकुश आता पन्नाशी ओलांडलेला आजोबा आहे, तरी मुखेडच्या बाजारात लोक त्याला अजून 'काय लाभ, सोयाबीन घातलं का?' असं विचारतात. गुरुजींना तर आम्ही लाभ गुरुजीच म्हणायचो. अर्थात पाठीमागं.

मुखेडपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात ते शेजारच्या गावाहून सायकलवर यायचे. पांढरा सदरा, पायाला क्लिप लावलेला पायजमा आणि हँडलला अडकवलेली पिशवी. भेटेल त्याला जयभीम म्हणायचे. समोरून राम राम आला तरी चेहऱ्यावरची खुशी तीच. शकुन-अपशकुन त्यांना मान्य नव्हते. मांजर आडवं गेलं तर ते सायकल थांबवून मांजराची चौकशी करणाऱ्यांपैकी होते. म्हणून एकदा माझ्या वडिलांनी त्यांना खोडसाळपणे छेडलं, की गुरुजी, तुम्ही हे काही मानत नाही, मग लाभ कशाला म्हणता? गुरुजी म्हणाले, "माझा बाप लोकांची खळी राखायचा. राशीला हात लावायची परवानगी न्हवती. लांब बसून नुसतं ऐकायचा अन् मनात मोजायचा. मोजणारा चुकला की त्याला कळायचं, पण बोलायची सोय न्हवती. मला सोय हाय, म्हणून मी मोठ्यानं मोजतो."  त्या वर्षीच्या सुगीत आमच्या खळ्यावर मोजायला वडिलांनी गुरुजींना बोलावून नेलं.

मी सहावीत असताना शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि सगळ्यांत हुशार दिसणाऱ्या पोराला उभं केलं. दिसण्याच्या बाबतीत मी कधीच मार खाल्लेला नाही, तेव्हा उभा राहिलो तो मीच. सोळाशे ऐंशी साल कोणत्या शतकात येतं, असा साहेबांचा प्रश्न होता. मी छाती पुढं काढून 'सोळाव्या' असं सांगितलं. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी अंकुशकडं पाहिलं, कारण चूक माझी असेल हे मला सुचलंच नाही.

गुरुजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओढ्याची पिशवीभर वाळू आणि घरचं मापटं आणलं, आणि मला मोजायला बसवलं. मी पहिलं माप टाकून मोठ्यानं लाभ म्हणालो. दुसऱ्याला एक म्हणालो, तिसऱ्याला दोन. दहा मापं पडली तेव्हा माझा हिशेब नऊवर उभा होता. वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

"लाभ फुकट गेला व्हय रे, दिगंबरा?" गुरुजींनी विचारलं.

मग त्यांनी समजावलं ते असं. पहिल्या शंभर वर्षांच्या कपाळावर शेकड्याचा आकडा नसतो. सन पाच, सन चाळीस, सन नव्वद. आकडा दिसत नाही म्हणून ती वर्षं झालीच नाहीत का? ती लाभाची शंभर. ती धरून मोजलं की सोळाशे ऐंशीपर्यंत सोळा शंभर भरलेले असतात आणि सतरावा भरत असतो. म्हणून शतक सतरावं. "लाभ धरून मोजा," असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. जाता जाता, हात झटकत, आणखी एक गोष्ट सांगितली, की शंभरावं माप पडल्याबिगर रास सरत न्हाई. हे दुसरं वाक्य माझ्या कानावरून गेलं. मी तेव्हा हसणाऱ्या पोरांची नावं मनात नोंदवून ठेवत होतो.

त्याचं फळ पंधरा वर्षांनी मिळालं. मी बी.एड. होऊन गावात नोकरीची वाट बघत होतो आणि वाट बघता बघता भाषणं करत होतो. दोन हजार साल उजाडलं. पहिल्या जानेवारीला सकाळी सरपंचांनी ग्रामपंचायतीसमोर नव्या शतकाच्या स्वागताचा समारंभ ठेवला, आणि वक्ता म्हणून मला उभं केलं. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मी जवळपास पाऊण तास उभा होतो. पुढं शाळेची पोरं घेऊन गुरुजी बसलेले. सगळं भाषण त्यांनी मान हलवत ऐकलं. संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "लई चांगलं झालं. येक वरीस जपून ठेव."

मला वाटलं, म्हातारा जळतोय. (ते तेव्हा बावन्न-त्रेपन्नचे होते, पण सव्वीस वर्षांच्या माणसाला बावन्नचा म्हाताराच वाटतो. आता मला तसं वाटत नाही.) सगळं जग ज्या दिवशी नाचलं त्या दिवशी शतक उगवलंच नव्हतं, विसाव्याचं शंभरावं माप अजून पडायचं होतं, हे त्यांचं म्हणणं गावात कुणाला पटलं नाही. सरपंच तर म्हणाले, की गुरुजींचं शतक शासनाच्या शतकाहून मागं चालतं.

वर्ष गेलं. दोन हजार एकच्या पहिल्या जानेवारीला सकाळी मी दारात दात घासत बसलो होतो. गुरुजी सायकलवरून उतरले. पिशवीत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. घरोघर वाटत आले होते. लोकांना वाटलं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं असावं. माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाले, "आज लागलं बघ एकविसावं. आता कर भाषण." मी चूळ भरली आणि, खरं सांगतो, केलं. आठवेल तेवढं. ऐकायला माझी आई, गुरुजी आणि दोन कोंबड्या. गुरुजींनी पुन्हा तितक्याच मनापासून ऐकलं. चेष्टा करायला आलेला माणूस असं ऐकत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की त्यांना मला हरवायचं नव्हतं. त्यांना फक्त ते भाषण योग्य दिवशी व्हायला हवं होतं.

दुसऱ्याला लावायचं ते माप गुरुजी स्वतःला आधी लावायचे. ते निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एसटीत पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना तिकीट माफ झालं. गुरुजींच्या कार्डावर जन्मतारीख एक जून. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांनीच एक जूनला जन्माला घातलेली आहेत. पण गुरुजींच्या आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की तू झालास तेव्हा हरभऱ्याला घाटे धरले होते. म्हणजे त्यांच्या हिशेबानं पंच्याहत्तर सरायला अजून सहा-सात महिने होते. तेवढे महिने ते अर्धं तिकीट काढत राहिले. कंडक्टर कार्ड बघून म्हणायचा, बाबा, झालेत की पंच्याहत्तर. गुरुजी म्हणायचे, "कार्डाला झाले. मला न्हाई."

आता माझ्या खऱ्या पराक्रमाकडं येतो.

मी लातूरला शिकवणी वर्गात इतिहास आणि सामान्य ज्ञान शिकवतो. लातूर हे ट्रिकांचं गाव. इथं प्रत्येक गोष्टीची ट्रिक असते, आणि ज्याच्याकडं ट्रिक नाही त्याच्याकडं विद्यार्थी नाहीत. शतक ओळखायची माझी ट्रिक होती: सालाचे पहिले दोन आकडे घ्या, त्यात एक मिळवा. अठराशे सत्तावन्न, अठरा अधिक एक, एकोणिसावं. झालं. गुरुजींची पिशवीभर वाळू मी एका ओळीत बसवली होती आणि नोट्समध्ये चौकट करून छापली होती.

इथलीच एक संस्था खेड्यांतल्या तीस मुलामुलींना अकरावी-बारावीची दोन वर्षं राहायला जागा देऊन मोफत शिकवते. प्रवेशाला परीक्षा असते, आणि तिचा सामान्य ज्ञानाचा पेपर मी काढायचो. तीनेक वर्षांपूर्वीच्या पेपरात मी प्रश्न घातला: इसवी सन १९०० हे वर्ष कोणत्या शतकात येते? आणि निकालासोबत लावायच्या उत्तरसूचीत लिहिलं, विसाव्या. एकोणीस अधिक एक.

निकाल लागला आणि तिसऱ्या दिवशी गुरुजी संस्थेच्या कार्यालयात माझ्या टेबलासमोर उभे. हातात पिशवी. मुखेडहून सकाळच्या गाडीनं आले होते. यादीत एकतिसाव्या नंबरावर आमच्या गावची सुवर्णा होती, एका गुणानं राहिलेली, हे मला माहीत होतं. तिचं घर आमच्या शेताच्या बांधाला लागून. वडिलांचं म्हणणं असं, की लातूरला राहायची सोय झाली तर शीक, नाहीतर शिकणं पुरे. गुरुजी शिफारस घेऊन आले, असं मी धरून चाललो. त्यांना अवघड वाटू नये म्हणून मीच आधी सुरू झालो. गुणवत्ता म्हणजे काय, पारदर्शकता म्हणजे काय, एका गुणानंही कसा फरक पडतो आणि आपण नियमाला कसं बांधील असलं पाहिजे, हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. तेच मला शिकवून गेले होते. फरक इतकाच, की त्यांनी कमी शब्दांत शिकवलं होतं.

माझं संपल्यावर त्यांनी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. एका प्रश्नाभोवती पेन्सिलीनं गोल केलेला. शेजारी सुवर्णानं परीक्षेत दिलेलं उत्तर लिहिलं होतं, एकोणिसावं.

"हे कुणी काढलं?"

"मीच, गुरुजी."

ते खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "तर मग चूक माझी हाय. तुला मीच शिकवलंय."

आयुष्यात मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, काही योग्य, काही अत्यंत योग्य. पण या वाक्याएवढं काही लागलं नाही. मला वाळू आठवली, आणि ते कानावरून गेलेलं दुसरं वाक्य पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणासकट आठवलं. एकोणिसाव्या शतकाचं शंभरावं माप म्हणजे १९००. ते पडल्यावर रास सरणार आणि १९०१ ला विसाव्याचा लाभ. माझी ट्रिक शंभरातल्या नव्याण्णव वर्षांना चालत होती. उरलेलं एक वर्ष नेमकं मी परीक्षेत घातलं. सहावीत मी शंभर वर्षांनी चुकलो होतो, पन्नाशीत एका वर्षानं चुकलो. माझी प्रगती म्हणाल तर एवढीच.

चूक कबूल करायला हरकत नव्हती. अडचण तिसाव्या नंबराची होती. तिसावा होता ओंकार, माझा भाचा, रेणापूरला दिलेल्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्यानं मामाच्या नोट्स पाठ करून, मामाच्या ट्रिकनं, 'विसावं' लिहिलं होतं. सुवर्णाला सत्तर, ओंकारला एकाहत्तर. उत्तर सुधारलं की दोघांची अदलाबदल होणार. निकालाच्या दिवशीच बहिणीनं मला फोनवर सांगितलं होतं, की दादा, तुझ्यामुळं माझ्या लेकराचं नशीब उघडलं.

मी गुरुजींना चहा पाजला आणि पळवाटा शोधायला लागलो. मी म्हणालो, आपण प्रश्नच रद्द करू, म्हणजे कुणावर अन्याय नको. मनात हिशेब असा, की ओंकारचा एक गुण गेला की दोघंही सत्तर, आणि समान गुण असतील तर वयानं मोठा असेल तो आत. ओंकार मोठा होता.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "बरोबर लिहिणारीनं काय करायचं मग?"

तेव्हा मी सांगून टाकलं, की तिसावा माझा सख्खा भाचा आहे. सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. गुरुजींनी पोराचं नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं काय चालतं ते विचारलं. मग सावकाश म्हणाले, "तुझी अडचण खरी हाय, दिगंबरा. पण ती अडचण हाय, उत्तर न्हाई." आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. प्रवेश दुसऱ्या दिवशी बंद होणार होते. मुखेडची शेवटची गाडी संध्याकाळी होती. त्यांनी मला ना उद्या सांग म्हटलं ना आज सांग. नुसते बसून राहिले.

मी दुपारी दोनला उठलो आणि वरच्या मजल्यावर संस्थेच्या अध्यक्षांकडं गेलो. हे लातुरातले जुने डॉक्टर. चूक सांगितली तर तेच मला धीर द्यायला लागले. म्हणाले, चूक कुठं आहे, एकोणीसशे म्हणजे विसावंच की, सगळं जग दोन हजारला नवं शतक म्हणूनच नाचलं. तिथं बसलेल्या दोघा सदस्यांनीही माना डोलावल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. तीन शहाणी माणसं माझ्या चुकीच्या बाजूनं होती. तसाच घरी गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण बाकावरचा माणूस डोळ्यांपुढून जाईना. मी म्हणालो, खाली माझे गुरुजी बसलेत, त्यांना वर बोलवू का?

गुरुजी वर आले. सगळ्यांना जयभीम घातला. वाळू नव्हती, मापटं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुमच्या दवाखान्यात पेशंटला नंबर देतेत. पयला नंबर कितीचा?"

"एकचा," डॉक्टर म्हणाले.

"शून्याचा न्हाई?"

"शून्य नंबरचा पेशंट कुठून येणार, गुरुजी?"

"मग शंभर नंबरवाला पेशंट पहिल्या शंभरात का दुसऱ्या शंभरात?"

 डॉक्टरांनी चष्मा काढला. मग हसून म्हणाले, की पहिल्या शंभरातला शेवटचा. त्यांनी स्वतःच यादी मागवली, स्वतःच दोन नावं वरखाली केली आणि सही केली. चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या माणसाला इसवी सन कळायला अर्धं मिनिट लागलं. मला चाळीस वर्षं लागली होती.

खाली उतरल्यावर मी गुरुजींना म्हणालो, की चला, मुखेडच्या गाडीवर सोडतो. ते म्हणाले, "मुखेडला सकाळी जाईन. रेणापूरची गाडी कुठं लागती?" मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, की फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हे. पोराला वाटेल आपण नापास झालो. मी सोबत येतो म्हणालो तर मला अडवलं. म्हणाले, तू आलास तर ती तुझ्याशी भांडत बसेल, अन् लेकराकडं बघायचं राहून जाईल.

तिथं काय झालं ते मला ओंकारकडून कळलं. गुरुजींनी दारातूनच सांगितलं, की चूक मास्तरची हाय, पोराची न्हाई, अन् त्या मास्तरचा मास्तर मी. बहीण आधी रडली, मग मला उद्देशून जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलली, आणि मग पिठल्यासोबत गरम भाकरी टाकायला बसली. जेवण झाल्यावर गुरुजींनी ओंकारला जवळ घेऊन त्याची प्रश्नपत्रिका पहिल्या प्रश्नापासून तपासली. कुठं चुकलास यापेक्षा कसा विचार केलास, हे विचारत बसले. पुढची दोन वर्षं दर रविवारी सकाळी ते त्याला फोन करायचे. ओंकार रेणापूरलाच शिकला आणि आता नांदेडला इतिहास घेऊन बी.ए. करतो. त्याच शहरात सुवर्णा औषधनिर्माणशास्त्राला आहे. दोघांची ओळख आहे. एकमेकांना ते 'तीस' आणि 'एकतीस' म्हणतात असं ऐकतो. कोण कितवं, यावर त्यांचं अजून भांडण आहे.

बहिणीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. अडीच वर्षं. राखी यायची, पण पोस्टानं, वीस किलोमीटरवरून. भाऊबीजेला मी गेलो की ओवाळायची आणि ताट ठेवून आत निघून जायची. गुरुजींना मी एकदा रडकुंडीला येऊन हे सांगितलं. ते म्हणाले, तिचा राग खरा हाय, त्याला घाई करू नको.

गेल्या पौषात गुरुजी गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच. सुवर्णाच्या वडिलांनी मला कळवलं. मी कपडे घालत होतो तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा नंबर. मी उचलला.

"दादा, गाडी काढ. मलाबी यायचंय."

रेणापूरहून तिला आणि सुट्टीत घरी आलेल्या ओंकारला घेतलं. ओंकार पुढं बसला, ती मागं. अहमदपूर गेलं. हरभऱ्याची शेतं दोन्ही बाजूंनी मागं पडत होती. आरशात मी तिच्याकडं बघायचो आणि ती खिडकीबाहेर. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. माझी भाषणं नेहमी चुकीच्या दिवशी होतात, म्हणून गप्प राहिलो. मग तीच बोलली, बाहेर बघत.

"त्या दिवशी तू चुकला नसतास, तर हा माणूस आमच्या दारात आलाच नसता."

 माझ्या चुकीचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. आणि ज्यांना जाऊन ते सांगायचं, त्यांच्याकडंच आम्ही निघालो होतो.